सहा गडी, एक मैल

कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत माजी विद्यार्थ्यांच्या धांवण्याच्या शर्यतीला एक ठराविक जागा असते. ती सहसा कार्यक्रमाच्या शेवटीं, चहाच्या थोडी आधीं येते. तींत भाग घेणारांपैकीं कोणी डॉक्टर झालेला असतो, कोणी वकील, कोणी सरकारी कचेरींतला अधिकारी; आणि विद्यार्थिदशेंत आपण किती वेगानें धांवत होतों याची आठवण प्रत्येकाला असते. ही आठवण मोठी चपळ असते. वर्षें जातात तसतसा तिचा वेग वाढतच जातो. त्यामुळें शिट्टी वाजते तेव्हां खरी चुरस लागते ती मैदानावर उभा असलेला गृहस्थ आणि त्याच्या स्मृतींतला तरुण या दोघांमध्यें. कोणाचा श्वास लागतो, कोणाचा पाय मुरगळतो, प्रेक्षकांची करमणूक होते, आणि पहिल्या आलेल्याला चांदीचा पेला व इतरांना चहाचा पेला मिळून कार्यक्रम आटोपतो.

अशा शर्यतींतून इतिहास घडेल अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं, आणि ती न करणेंच शहाणपणाचें आहे. तथापि एकदां तसें घडलें आहे. ६ मे १९५४ रोजीं, गुरुवारीं संध्याकाळीं, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या इफ्ली रोडवरील मैदानावर विद्यापीठाचा संघ आणि ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन या हौशी खेळाडूंच्या संस्थेचा संघ यांच्यामध्यें मैत्रीचा वार्षिक सामना होता. कार्यक्रमपत्रिकेंत नववी बाब एक मैलाच्या शर्यतीची होती. पाहुण्या संघाच्या चार धांवपटूंपैकीं तिघे विद्यापीठांतून पदवी घेऊन बाहेर पडलेले होते. दोघे ऑक्सफर्डमधून व एक केंब्रिजमधून. त्यांच्या समोर उभे राहणार होते ते ऑक्सफर्डचे चालू विद्यार्थी. म्हणजे कागदोपत्रीं पाहिलें तर ही आजी आणि माजी विद्यार्थ्यांची एक घरगुती लढत होती. या लढतींत रॉजर बॅनिस्टर नांवाच्या पंचवीस वर्षांच्या माजी विद्यार्थ्यानें एक मैलाचें अंतर चार मिनिटांच्या आंत तोडलें. घड्याळ लावून मोजलेल्या शर्यतींत असें पूर्वीं कधींच झालें नव्हतें.

हा पराक्रम ऑलिंपिकच्या भव्य मैदानावर न होतां एका विद्यापीठाच्या छोट्या सामन्यांत कां झाला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. योगायोग म्हणून तो सोडून देतां येणार नाहीं. त्या पराक्रमाला अशा घरगुती सामन्याचीच गरज होती; आणि ती कां होती हें पाहिलें म्हणजे त्या संध्याकाळीं हरलेल्या माणसांकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलते.

ऑक्सफर्डमधील धांवण्याच्या शर्यतींचा उगमच मुळीं थट्टेंत झाला आहे. १८५० सालीं तेथील एक्सेटर कॉलेजांतले कांहीं तरुण घोड्यांच्या शर्यतीहून परतले होते. घोड्यानें फजीति केल्यामुळें वैतागून त्यांच्यांतला एकजण म्हणाला कीं, असल्या जनावरावर बसण्यापेक्षां दोन मैल आपल्या पायांनीं धांवलेलें बरें. मित्रांनीं त्याला शब्दांत धरलें. घोड्यांच्या शर्यतीचे सगळे सोपस्कार माणसांना जसेच्या तसे लागू करण्यांत आले, आणि बिन्सी गांवाजवळच्या ओल्या शेतांतून, कुंपणें व चर ओलांडीत, दोन मैलांची दौड झाली. हॅलिफॅक्स वायट नांवाच्या विद्यार्थ्यानें ती जिंकली. घोड्याच्या जागीं माणूस धांवूं लागला तो असा. पुढें १८६४ सालीं ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांचा पहिला मैदानी सामना झाला, आणि १८८० सालीं हौशी खेळाडूंच्या वर सांगितलेल्या संस्थेची स्थापनाहि ऑक्सफर्डच्याच एका हॉटेलांत झाली. खेळाचे नियम तिनें बांधले. खेळाडूनें खेळावर पैसे मिळवूं नयेत, हा त्यांतला पहिला आणि सर्वांत कडक नियम होता.

त्याच एक्सेटर कॉलेजांत १९४६ सालीं बॅनिस्टर दाखल झाला. वय सतरा, विषय वैद्यक. खिळ्यांचे बूट त्यानें तोंपर्यंत कधीं पायांत घातले नव्हते, आणि आंखलेल्या धांवपट्टीवर तो कधीं धांवलाहि नव्हता. त्या सालच्या हिंवाळ्यांत इंग्लंडांत असाधारण बर्फ पडलें. मैदानावरचें बर्फ उपसण्यासाठीं फावडें घेऊन जे थोडे विद्यार्थी नियमानें येत, त्यांत हा उंच, सडपातळ मुलगा असे. केंब्रिजविरुद्धच्या सामन्यासाठीं मैलाच्या शर्यतींत तिसरा गडी निवडण्याची वेळ आली तेव्हां संघाच्या चालकांना त्याच्या पायांपेक्षां त्याचें फावडें अधिक आठवलें असें म्हणतात. तिसऱ्या गड्याकडून कोणाची कांहीं अपेक्षा नसते. पण मार्च १९४७ मधील ती शर्यत त्या तिसऱ्या गड्यानेंच जिंकली.

पुढल्याच वर्षीं तो विद्यापीठाच्या मैदानी खेळांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. इफ्ली रोडवरची त्या वेळची धांवपट्टी जुनी आणि खडबडीत होती. तिची एक फेरी मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असल्यामुळें तीन फेऱ्यांत मैल भरे, आणि इतर मैदानांवरच्या वेळेशीं तेथल्या वेळेची तुलना करणें कठीण होई. ती उखडून तिच्या जागीं ४४० यार्डांची, सहा धांवपटूंना शेजारीं शेजारीं धांवतां येईल अशी नवी पट्टी करावी, हें काम बॅनिस्टरनें अंगावर घेतलें. १९५० सालीं ती तयार झाली. चार फेऱ्यांचा एक मैल. म्हणजे एका मिनिटाला एक फेरी पडली तर चार मिनिटांत मैल पुरा. हिशेब इतका सोपा कीं लहान मुलालाहि तोंडीं करतां यावा. विद्यार्थी असतांना ज्यानें ही पट्टी करवून घेतली, त्यालाच चार वर्षांनीं माजी विद्यार्थी म्हणून परत येऊन तो हिशेब सोडवावा लागला.

चार मिनिटांच्या या मर्यादेंत निसर्गाचा कोणताहि नियम नव्हता. मैल हें इंग्रजांच्या सोयीचें माप, आणि तासाचे व मिनिटाचे साठ भाग ही बाबिलोनच्या जुन्या गणितज्ञांची वांटणी. या दोन परक्या गोष्टींचा मेळ चार या वाटोळ्या आंकड्यावर पडला, इतकेंच. पण आंकडा वाटोळा झाला कीं माणसाला त्यांत भिंत दिसूं लागते. १९२३ सालीं फिनलंडच्या पावो नुर्मीनें ४ मिनिटें १०.४ सेकंदांत मैल पुरा केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तटस्थ राहिलेल्या स्वीडनमध्यें गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन या दोघांनीं एकमेकांचे उच्चांक मोडीत मोडीत ही वेळ खालीं आणली, आणि १९४५ च्या जुलैंत हेगनें ४ मिनिटें १.४ सेकंदांवर ती आणून ठेवली. मग त्या दोघांवर धांवण्याबद्दल पैसे घेतल्याचा ठपका आला व हौशी खेळांतून त्यांना कायमचें दूर करण्यांत आलें. उरलेला दीड सेकंद पुढें जवळजवळ नऊ वर्षें कोणालाहि कापतां आला नाहीं.

बॅनिस्टरच्या मनांत ही भिंत प्रथम नव्हतीच. त्याला ऑलिंपिकचें सुवर्णपदक हवें होतें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें १५०० मीटरच्या शर्यतींत तें त्याला मिळेल असें इंग्लंडनें गृहीत धरलें होतें. पण लक्झेंबर्गच्या जोझी बार्थेलनें ती शर्यत जिंकली आणि बॅनिस्टर चौथा आला. चौथ्या माणसाला पदक नसतें. वर्तमानपत्रांची टीका मात्र त्याला भरपूर मिळते.

मराठी माणसाला ती ऑलिंपिक स्पर्धा वेगळ्या कारणानें ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव यांनीं तेथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासाच्या खर्चाची तोंडमिळवणी होईना, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपल्या या माजी विद्यार्थ्यासाठीं स्वतःचें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. कॉलेजचा आणि विद्यार्थ्याचा संबंध पदवी मिळाल्यावर संपत नाहीं याचें याहून मोठें उदाहरण शोधावें लागणार नाहीं. हौशी खेळाच्या त्या काळांत खेळाडूच्या पाठीशीं पैसा नसे. असलाच तर त्याचें कॉलेज असे, त्याचे शिक्षक असत, आणि बरोबर शिकलेले चार सोबती असत. कोल्हापुरांत जें घराच्या रूपानें मिळालें, तें ऑक्सफर्डमध्यें सोबत्यांच्या रूपानें मिळालें.

हेलसिंकीहून परतल्यावर बॅनिस्टरनें मैदान सोडण्याचा विचार केला आणि तो बाजूला ठेवून चार मिनिटांच्या मैलाकडे मोर्चा वळविला. तो आतां लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत वैद्यकाचा अभ्यास पुरा करीत होता. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजांत राहून धांवणाऱ्या माणसाच्या श्वासोच्छ्वासावर त्यानें संशोधन केलें होतें. त्यामुळें शरीराची शक्ति कोठें आणि कशी खर्च होते हें तो जाणून होता. सर्वांत मोठी उधळपट्टी दोन कारणांनीं होते. एक, वेग कमीजास्त झाल्यानें. दुसरें, वाऱ्याला एकट्यानें छाती दिल्यानें. पुढें कोणी ठरल्या वेगानें धांवत असेल तर मागच्याचा वारा तो अडवितो आणि वेगाची काळजीहि तोच वाहतो. थोडक्यांत, मैल एकट्यानें चार मिनिटांत होण्यासारखा नव्हता. त्याला सोबत पाहिजे होती.

मे १९५३ मध्यें इफ्ली रोडवर ख्रिस चॅटावे या ऑक्सफर्डच्याच धांवपटूच्या मागें राहून बॅनिस्टरनें ४ मिनिटें ३.६ सेकंदांचा ब्रिटिश उच्चांक केला. तिकडे ऑस्ट्रेलियांत जॉन लँडी आणि अमेरिकेंत वेस सँटी हे दोघेहि भिंतीला धडका देत होते. घाई करणें भाग होतें. त्या घाईंत एक चूक झाली. २७ जून १९५३ रोजीं लंडनजवळच्या मोट्स्पर पार्क येथें शाळकरी मुलांचे सामने चालले होते. त्यांच्या मध्येंच मैलाची एक शर्यत घुसविण्यांत आली. धांवणारे तिघेच. डॉन मॅकमिलन या ऑस्ट्रेलियन खेळाडूनें पहिल्या फेऱ्यांत पुढें राहून वेग बांधून दिला. तिसरा गडी केंब्रिजचा ख्रिस ब्रॅशर मुद्दाम रेंगाळत धांवत होता. तो जवळजवळ एक फेरी मागें राहिला, आणि बॅनिस्टर फिरून त्याच्यापाशीं आला तेव्हां त्याच्या पुढें होऊन शेवटपर्यंत त्याला ओढीत घेऊन गेला. वेळ लागली ४ मिनिटें २ सेकंद. ब्रिटिश उच्चांकाहून ती दीड सेकंदानें सरस होती.

परंतु ब्रिटनच्या मैदानी खेळांच्या मंडळानें हा उच्चांक नामंजूर केला. घड्याळाविषयीं कोणाला शंका नव्हती. शंका होती ती शर्यतीविषयीं. ज्या शर्यतींत एक गडी जिंकण्यासाठीं धांवतच नाहीं, उलट दुसऱ्याची वाट पाहत मागें राहतो, ती खरी शर्यत नव्हे, असा निर्णय झाला. बॅनिस्टरला तो बोंचला असेल. पण न्याय मंडळाकडे होता, आणि त्यानें तो धडा नीट गिरविला. यापुढें जो प्रयत्न व्हावयाचा तो सर्वांनीं आधींपासून जाहीर केलेल्या, दोन संघांच्या, गुण मोजल्या जाणाऱ्या सामन्यांतच व्हावयास पाहिजे होता. असा सामना मोसमाच्या आरंभींच ऑक्सफर्डला होता. आपल्या जुन्या विद्यापीठाविरुद्ध पाहुणा म्हणून उतरण्याची सोय त्यांत होती, आणि तेथील धांवपट्टी तर आपल्याच हातची. घरगुती सामन्याची गरज होती ती यासाठीं. उच्चांकाला प्रामाणिकपणाचा दाखला हवा होता, आणि तो दाखला देण्याचा अधिकार समोर उभ्या राहणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांकडेच असतो.

त्या हिंवाळ्यांत बॅनिस्टर, चॅटावे आणि ब्रॅशर हे तिघे ऑस्ट्रियांतून आलेल्या फ्रांझ श्टाम्फ्ल या शिक्षकाच्या सल्ल्यानें तयारी करूं लागले. बॅनिस्टर दुपारच्या जेवणाच्या सुटींत धांवे. ४४० यार्डांची फेरी दहा वेळां, मध्यें दोन मिनिटें विसांवा. प्रथम एका फेरीला ६६ सेकंद लागत. महिन्यामागून महिने ते खालीं येत आले आणि एप्रिलांत ६१ वर अडकून बसले. कांहीं केल्या पुढें सरकेनात. तेव्हां बॅनिस्टर आणि ब्रॅशर धांवणें सोडून स्कॉटलंडच्या डोंगरांत कडे चढावयास गेले. अशा उद्योगांत पाय मोडण्याचीच शक्यता अधिक. पण परत आल्यावर दहाहि फेऱ्या ५९ सेकंदांनीं निघाल्या. विश्रांतीचा हा प्रकार कोणत्याहि क्रीडाशिक्षकानें आपल्या शिष्यांना सुचवूं नये.

आतां त्या दिवशींची कार्यक्रमपत्रिका हातीं घेतलेल्या प्रेक्षकाच्या जागीं बसून गड्यांची ओळख करून घ्यावी. पाहुण्यांच्या संघांत पहिला बॅनिस्टर, छातीवर क्रमांक ४१. सकाळीं तो रुग्णालयांत गेला होता, आणि तेथील प्रयोगशाळेंतल्या सहाणेवर त्यानें आपल्या बुटांचे खिळे घांसून घेतले होते, कारण ओली राख खिळ्यांना चिकटली तर पाय जड होतात. मग तो पॅडिंग्टन स्टेशनावरून गाडीनें निघाला. दुसरा चॅटावे, तांबड्या केसांचा, हंसतमुख. तो गिनेस या बीअर करणाऱ्या कंपनींत नोकरीला होता. तिसरा ब्रॅशर, जाड चष्मा लावणारा आणि दिलेला शब्द न मोडणारा. नोकरी तेलाच्या कंपनींत. चौथा टॉम हुलॅट. हा कोणत्याहि विद्यापीठाचा नव्हे. डर्बीशरच्या कोळशाच्या खाणींच्या मुलुखांतील टिब्शेल्फ गांवचा हा कष्टकरी तरुण चांगला मैल धांवे, म्हणून संस्थेनें त्याला संघांत घेतलें होतें. बाकीच्या तिघांचा बेत ठरलेला होता. हुलॅटला मात्र आपल्या मतानें आपली शर्यत धांवण्यास सांगण्यांत आलें. विद्यापीठाच्या बाजूनें ॲलन गॉर्डन आणि जॉर्ज डोल हे दोघे विद्यार्थी. डोल हा अमेरिकन.

पत्रिकेंत विद्यापीठाचा तिसराहि एक गडी छापलेला होता. हा विद्यार्थी सामना पाहण्यासाठीं म्हणून मैदानावर आला, पत्रिका उघडून वाचूं लागला, आणि मैलाच्या शर्यतींत आपलेंच नांव त्याला दिसलें. त्यानें धांवपळ करून कोणाकडून खेळाचे कपडे उसने मिळतात का पाहिलें. ते मिळाले नाहींत. त्यामुळें सातांचे सहा झाले, आणि सातव्यानें ती शर्यत जागेवर बसूनच पाहिली.

दिवसभर सोसाट्याचा वारा होता व मधून मधून पाऊस येत होता. शेजारच्या चर्चच्या मनोऱ्यावर सेंट जॉर्जचें निशाण ताणून फडफडत होतें. अशा वाऱ्यांत प्रत्येक फेरीला सेकंदभर तरी फुकट जाणार, म्हणून आज नकोच, असें बॅनिस्टरच्या मनानें जवळजवळ घेतलें होतें. गाडींत श्टाम्फ्लची गांठ पडली होती. आज संधि दवडली आणि दुसऱ्या कोणीं तोंपर्यंत भिंत ओलांडली तर आयुष्यभर हळहळ राहील, असें त्यानें बजावलें होतें. तरीहि निर्णय होईना. वेग बांधून देणारे दोघे सोबती विचारून विचारून थकले. सहाच्या सुमारास बॅनिस्टरनें पुन्हां एकदां मनोऱ्याकडे पाहिलें. निशाण थोडें खालीं लोंबूं लागलें होतें. त्यानें होकार दिला.

आणि पिस्तूल झडण्यापूर्वींच ब्रॅशर सुटला. सर्वांना मागें बोलवावें लागलें. वारा पडलेला असतांना असे क्षण वायां जाणें बॅनिस्टरला सोसणारें नव्हतें. दुसऱ्या खेपेस सुटका नीट झाली. पुढें ब्रॅशर, त्याच्या मागें बॅनिस्टर, त्याच्या मागें चॅटावे. बॅनिस्टरच्या पायांत त्या दिवशीं इतका जोर होता कीं पहिल्या फेरींतच, वेग फार कमी आहे असें वाटून, तो ब्रॅशरला आणखी जोरानें धांवण्यासाठीं ओरडून सांगूं लागला. ब्रॅशरनें तिकडे लक्ष दिलें नाहीं. पहिली फेरी ५७.५ सेकंदांत झाली. म्हणजे वेग कमी तर नव्हताच, उलट हिशेबाहून अडीच सेकंदांनीं जास्त होता. त्या ओरडण्याला ब्रॅशर भुलला असता तर तिघेहि तिसऱ्या फेरींत गळून पडले असते. जिंकणाराचें न ऐकणें हीच कधीं कधीं त्याची खरी सेवा ठरते.

अर्धा मैल १ मिनिट ५८.२ सेकंदांत झाला. ब्रॅशर दमत चालला तसा चॅटावे पुढें आला. तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या तेव्हां घड्याळांत ३ मिनिटें ०.५ सेकंद झाले होते. उरलेली फेरी ५९ सेकंदांत व्हावयास पाहिजे. चॅटावेनें आपली उरलीसुरली शक्ति दूरच्या सरळ भागापर्यंत पुरविली. तेथें बॅनिस्टर त्याच्या बाजूनें निघाला आणि एकटाच पुढें गेला. शेवटच्या फेरीला त्याला ५८.९ सेकंद लागले. फीत छातीनें तोडून तो शुद्ध हरपल्यासारखा माणसांच्या हातांत पडला. गर्दी पट्टीवर धांवून आली.

वेळ जाहीर करण्याचें काम नॉरिस मॅक्व्हर्टर याच्याकडे होतें. तोहि ऑक्सफर्डचा माजी विद्यार्थी आणि बॅनिस्टरचा जुना सोबती. एकाच दमांत सगळें सांगून टाकण्याइतका तो अरसिक नव्हता. नववी बाब, एक मैल, पहिला क्रमांक ४१, आर. जी. बॅनिस्टर, पूर्वींचे एक्सेटर व मर्टन या कॉलेजांचे विद्यार्थी, असें त्यानें सावकाश सांगितलें. मग या वेळेनें जे जे उच्चांक मोडले, ते सामन्याच्या आणि मैदानाच्या उच्चांकापासून चढत चढत एकेक करून जगाच्या उच्चांकापर्यंत आणले. शेवटीं वेळ सांगतांना मिनिटांचा आंकडा तीन, एवढा उच्चार झाला मात्र, पुढचें कोणालाच ऐकूं आलें नाहीं. ३ मिनिटें ५९.४ सेकंद. त्या घोषणेंत कॉलेजांचीं नांवें वेळेच्या आधीं आलीं हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जगाचा उच्चांक करणारा माणूस त्या मैदानावर प्रथम माजी विद्यार्थी होता, मग इतर सर्व कांहीं.

हा उच्चांक रीतसर मंजूर झाला. तरी त्यावेळीं आणि पुढेंहि कोणीं कोणीं असें म्हटलें कीं, मोट्स्पर पार्कला जें केलें तेंच येथें थोडें सभ्यपणानें केलें. तिघांचा संगनमताचा बेत दोन्ही ठिकाणीं होताच. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. पण दोन्हींमध्यें एक फरक आहे आणि तो लहान नाहीं. ऑक्सफर्डला सहाहि जण एकाच वेळीं सुटले. कोणी कोणासाठीं मागें रेंगाळला नाहीं. बेताशीं ज्यांचा कांहीं संबंध नव्हता असे तिघे, खाणींच्या मुलुखांतला हुलॅट आणि विद्यापीठाचे गॉर्डन व डोल, आपापल्या संघाच्या गुणांसाठीं धांवत होते. चॅटावे दुसरा आणि हुलॅट तिसरा आला. या माणसांनीं वाऱ्याचा आडोसा दिला नाहीं कीं वेग बांधून दिला नाहीं; त्यांनीं दिली ती केवळ आपली हजेरी. पण तीच नसती तर ३ मिनिटें ५९.४ सेकंद ही घड्याळावरची एक नोंद राहिली असती. तिला शर्यतीचा निकाल कोणी म्हटलें नसतें.

उच्चांकाचें आयुष्य अवघें ४६ दिवसांचें ठरलें. २१ जून १९५४ रोजीं फिनलंडमध्यें लँडीनें ३ मिनिटें ५८ सेकंदांत मैल पुरा केला. आणि त्या शर्यतींत त्याच्या पाठीवर दुसरा कोण होता, तर तोच चॅटावे. ऑगस्टमध्यें व्हँकूव्हर येथें बॅनिस्टरनें लँडीला समोरासमोर हरविलें, आणि त्याच वर्षअखेर धांवणें सोडून तो आपल्या रोग्यांकडे वळला. मज्जातंतूंच्या विकारांचा तज्ज्ञ म्हणून त्यानें पुढें नांव मिळविलें, आणि १९८५ ते १९९३ पर्यंत ऑक्सफर्डच्याच पेंब्रोक कॉलेजचें प्रमुखपद सांभाळलें. ब्रॅशरनें १९५६ सालीं मेलबर्नला अडथळ्यांच्या लांब शर्यतींत ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें, आणि १९८१ सालीं लंडनची मॅरेथॉन सुरू करण्यांत पुढाकार घेतला. चॅटावे राजकारणांत जाऊन मंत्री झाला. त्याआधीं त्यानें आणखी एक कामगिरी केली होती. आपल्या कंपनीला जगांतल्या उच्चांकांचें पुस्तक काढावयाचें आहे असें कळल्यावर त्यानें मॅक्व्हर्टर आणि त्याच्या जुळ्या भावाचें नांव सुचविलें. १९५५ सालीं निघालेलें गिनेसचें तें प्रसिद्ध पुस्तक या ओळखींतून जन्मलें. इफ्ली रोडच्या धांवपट्टीला २००७ सालीं बॅनिस्टरचें नांव देण्यांत आलें. ३ मार्च २०१८ रोजीं तो ऑक्सफर्डमध्येंच वारला. जेथें फावडें घेऊन तो पहिल्यानें उभा राहिला होता, त्या मैदानापासून फार दूर नाहीं.

एक मैलाचा उच्चांक त्यानंतर अनेकांनीं मोडला, आणि वेग बांधून देणारे सोबती आज मोठ्या शर्यतींत उघडपणें धांवतात. त्या संध्याकाळचे आंकडे जुने झाले. जुना होत नाहीं तो त्या सामन्यानें घालून दिलेला पाठ. कॉलेजच्या मैदानावर माजी विद्यार्थी जेव्हां पुन्हां रांगेंत उभे राहतात, तेव्हां त्यांच्यांतला एकजण जिंकणार आणि बाकीचे हरणार हें ठरलेलें असतें. तरी सगळे येतात, आणि सगळे येतात म्हणूनच एकाच्या जिंकण्याला अर्थ राहतो. सहा गड्यांनीं मिळून तो मैल पुरा केला. सातव्यानें तेवढी सकाळींच पत्रिका वाचली असती, तर सात गड्यांचा मैल म्हणून आज त्याची गोष्ट सांगावी लागली असती.